ऐंशी मिलिसेकंद

शीतल पाईकरावच्या नजरेखालून गेलेल्या कोडमध्ये 'टेम्प'सारखं बिनअर्थाचं एकही नाव जिवंत राहत नाही, असं पुण्याच्या ऑफिसात म्हणत. म्हणताना थोडं हसतही. ती स्वतः मात्र पुण्यात नव्हती. लॉकडाऊनमध्ये हिंगोलीला आली ती आलीच. वडील गेल्यावर आई एकटी पडली होती, आणि कंपनीला शीतलचं काम हवं होतं, तिची खुर्ची कुठल्या गावात आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत त्यांचं घर. वरच्या खोलीत तिचं टेबल, टेबलावर दोन पडदे, एक हिरवं सर्किटचं बोर्ड, आणि खिडकीत आईनं लावलेली गवती चहाची कुंडी.

कंपनी एक यंत्र बनवायची. जेवणाच्या डब्याएवढं. शाळेत जायचं, लेकराच्या कानाला हेडफोन लावायचे, बारीक-मोठे सूर वाजवायचे. सूर ऐकू आला की लेकरानं हात वर करायचा. कोणत्या कानानं किती कमी ऐकू येतं ते यंत्र सांगायचं. ज्या गावात कानाचा डॉक्टर कधी फिरकत नाही तिथं असं यंत्र फार उपयोगी पडतं. त्याच्या पोटात लिनक्स ही संगणकप्रणाली चाले. लिनक्सचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याला आवाजाची चिप कशी चालवायची हे सांगणारा कोड म्हणजे तिथला ऑडिओ ड्रायव्हर. तो कंपनीनं नऊ-दहा वर्षांपूर्वी स्वतःच लिहून घेतला होता. जो आला त्यानं त्यात दोन ओळी घातल्या, जो गेला तो काही न सांगता गेला. कोडची पार गोधडी झाली होती.

आता कंपनीनं ठरवलं की हा ड्रायव्हर जगभरातले लोक मिळून सांभाळतात त्या मुख्य कर्नलमध्येच द्यायचा. म्हणजे दर वेळी ठिगळं लावत बसायला नको. पण तिथं असा कोड घेत नाहीत. नावं वाचून अर्थ कळला पाहिजे, आणि जिथं नुसत्या नावानं भागत नाही तिथं कमेंटमध्ये, म्हणजे कोडला जोडलेल्या टिपेत, कारण लिहिलेलं पाहिजे. पुण्यातला रुद्र नावाचा मुलगा, नोकरीला दोन वर्षं झालेला, एकेक फाइल नीट करून पाठवायचा. शीतल ती तपासायची. तिनं मंजूर म्हटल्याशिवाय एक ओळ पुढं सरकत नसे.

हे काम तिला मनापासून आवडायचं. बाकीच्यांना ती झाडलोट वाटे. शीतलला वाटायचं, कोड एकदा लिहिला जातो आणि शंभरदा वाचला जातो, मग वाचणाऱ्याचा विचार कुणी करायचा? 'एक्स-टू' नाव दिसलं की ती लिहायची, याचा अर्थ सांगा. 'इथे हात लावू नये' अशी कमेंट दिसली की लिहायची, का लावू नये? रुद्र बिचारा 'येस मॅडम' म्हणून दुरुस्त करायचा.

जानेवारीत एका फाइलमध्ये एक फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, आलं. नाव 'व्हीके-फिक्स-टू'. आत एकच ओळ होती: ऐंशी मिलिसेकंद थांबा. बस. कमेंट नाही, खूण नाही. दर वेळी हेडफोनमध्ये आवाज सोडण्याआधी ड्रायव्हर तिथं थांबायचा आणि पुढं जायचा.

शीतलनं लिहिलं, "नावावरून काही कळत नाही. कसली दुरुस्ती? कशासाठी थांबायचं? कारण सापडलं तर नावात आणा. नाही सापडलं तर काढून टाका."

रुद्रनं दोघा जुन्या लोकांना विचारलं, कुणाला आठवत नव्हतं. चिपच्या माहितीपुस्तकात असं थांबायला कुठं सांगितलेलं नव्हतं. त्यानं फंक्शन काढलं आणि बोर्डावर चालवून पाहिलं. शीतलनंही आपल्या टेबलावरच्या बोर्डाला इअरफोन लावून ऐकलं. सूर स्वच्छ आले. तिनं मंजूर केलं. त्या दिवशी अशी सात निरर्थक नावं निघाली होती, आणि खोली झाडून काढल्यावर वाटतं तसं तिला वाटलं.

फेब्रुवारीत नव्या कोडची दोन यंत्रं चाचणीसाठी तयार झाली. एक हिंगोलीला आलं, कारण शीतल तिथं होती आणि जिल्ह्यातल्या शाळा जवळ होत्या. कळमनुरीच्या अलीकडं एका गावातल्या शाळेत दुसरीचा वर्ग होता, सपना मॅडमचा. त्यांनी पालकांच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या. व्हरांड्यात टेबल लावलं, सावलीत. चौदा लेकरं रांगेत उभी राहिली आणि सगळ्यांना पहिला नंबर हवा होता. तो सृष्टी नावाच्या मुलीनं मिळवला, कोपरानं बाकीच्यांना मागं ढकलत.

"टुंग असा आवाज आला की हात वर करायचा, बरं का," शीतल म्हणाली.

"ठाव हाय," सृष्टी म्हणाली. मोठे हेडफोन तिच्या डोक्यावर टोपीसारखे बसले. शीतलनं बटण दाबलं.

पोरगी जागच्या जागी उडाली. तिनं दोन्ही हातांनी हेडफोन ओढून काढले, ते फरशीवर आपटले, आणि कानांवर हात ठेवून खाली बसली. आधी आवाजच फुटेना. मग रडायला लागली. सपना मॅडमनी तिला पोटाशी धरलं.

"काय झालं बाळा?"

"याच्यात कोनीतरी हाय," सृष्टी हुंदके देत म्हणाली. "कानात चापट मारते."

शीतलनं हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावले आणि तेच बटण दाबलं. सूर सुरू होण्याच्या आधी कानात फटकन असा दणका बसला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मोठ्या माणसाच्या कानाची गत. समोर सहा-सात वर्षांचं लेकरू होतं. तिनं यंत्र बंद केलं. रांग केव्हाच मोडली होती. पोरं व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभी होती आणि त्या डब्याकडं साप निघाल्यासारखी बघत होती.

"मॅडम, आज राहू द्या," सपना मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण चेहरा उतरला होता. "तिच्या घरचे विचारतील. काय सांगू?"

"यंत्रात चूक होती आणि ती माझ्याकडून झाली, असं सांगा. माझा नंबर द्या. मी स्वतः बोलते."

ती बोललीही. दुसऱ्या दिवशी सृष्टीचे वडील तिला मोटारसायकलवर हिंगोलीला घेऊन आले. शीतल दवाखान्याच्या पायरीवर उभी होती. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडदा चांगला आहे, ऐकूही बरोबर येतं, लेकरू घाबरलंय एवढंच. वडील जाताना म्हणाले, "ताई, पुन्यांदा आणाल तं आधी तुमच्या कानाला लावून बघा." शीतलनं मान हलवली. सृष्टी वडिलांच्या पाठीमागं लपली होती ती शेवटपर्यंत पुढं आली नाही.

चूक कुठं आहे हे शोधायला वेळ लागला नाही. तिनं ती ऐंशी मिलिसेकंदांची ओळ परत घातली आणि दणका गेला. काढली, दणका परत आला. टेबलावरच्या बोर्डाला मोठे हेडफोन चालवणारं ॲम्प्लिफायर नव्हतं, म्हणून तिथं काही ऐकू आलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात यायला हवी होती.

रुद्र फोनवर म्हणाला, "मॅडम, लाइन परत टाकू. नाव देऊ 'दणका टाळण्यासाठी थांबा'. आजच पाठवतो."

"पण ऐंशीच का? साठ का नाही? शंभर का नाही?"

"ते कोण सांगणार?"

"ज्यानं लिहिलं त्याला माहीत असेल," शीतल म्हणाली.

कंपनीनं पाच वर्षांपूर्वी कोड ठेवायची जागा बदलली होती. त्याआधीचा इतिहास, कुणी काय लिहिलं, कुणी काय तपासलं, हे सगळं एका जुन्या साठ्यात पडून होतं. तिथं कुणी जात नसे. तिनं परवानगी मागून तो उघडला, आणि दुपारभर खणल्यावर तिला नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस सापडला.

'व्हीके' म्हणजे वैजनाथ कऱ्हाळे. आणि त्यानं पहिल्यांदा पाठवलं तेव्हा फंक्शनचं नाव 'व्हीके-फिक्स-टू' नव्हतंच. ते लांबलचक होतं, इंग्रजीत, 'आवाजाआधी कानासाठी थांब' अशा अर्थाचं. वर सहा ओळींची कमेंट होती. इंग्रजी मोडकंतोडकं. "इफ नॉट वेट हिअर, स्मॉल चिल्ड्रन इअर विल गेट स्लॅप," अशी सुरुवात. पुढं त्याच भाषेत लिहिलं होतं की चिपला वीज दिल्यावर हेडफोनमधला विजेचा दाब स्थिर व्हायला वेळ लागतो, तोवर आवाजाचं दार उघडलं तर सगळा दाब एकदम कानात येतो; चाळीस मिलिसेकंदांना लेकरं दचकतात, साठला काही दचकतात, ऐंशीला कुणी नाही; मी स्वतः बघितलं आहे.

सगळं होतं. तिनं जानेवारीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिथं होतं.

कमेंटच्या खाली तेव्हाच्या टीमप्रमुखांनी लिहिलं होतं, "आपण ड्रायव्हर लिहितोय की बाळगोष्टी? व्हीके, इंग्रजीचा क्लास लाव. हे काढ." त्याखाली इमोजीचे हसरे चेहरे होते. पाच जणांचे, नावानिशी. तिसरं नाव शीतल पाईकराव.

त्याच संध्याकाळी वैजनाथनं नवी फाइल पाठवली होती. कमेंट गेलेली. फंक्शनचं नाव 'व्हीके-फिक्स-टू'. ती लगेच मंजूर झाली होती.

शीतलनं ते तिसरं नाव परत वाचलं. तिला ते आठवत नव्हतं, आणि मग आठवायला लागलं. नोकरी लागून पाच महिने झाले होते. कळमनुरीच्या मराठी शाळेतून निघालेली मुलगी, मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की आधी वाक्य वहीत लिहून ठेवायची. दर आठवड्याला कुणाच्या तरी इंग्रजीवर हसू व्हायचं. एकदा तिच्यावरही झालं होतं, सगळ्यांच्या देखत. वैजनाथ कऱ्हाळे पलीकडच्या रांगेत बसायचा, कानाला सतत हेडफोन, कुणाशी फारसं बोलणं नाही. एकाच जिल्ह्यातले असूनही दोघं एकमेकांशी मराठवाडी बोलले नव्हते. बोललं तर दोघंही ओळखू आले असते.

खाली गेली तर आई भाकरी थापत होती. चांगुणाबाईनं आयुष्यभर अंगणवाडी सांभाळली, तिला तोंड पाहूनच कळायचं.

"काहून गं, तोंड असं उतरलं? त्या लेकराचं काही..."

"नाही, ती बरी आहे." शीतल तिथंच ओट्याला टेकली आणि तिनं सगळं सांगितलं. ड्रायव्हर वगैरे आईला कळलं किती कोण जाणे, हसण्याचं मात्र बरोबर कळलं.

चांगुणाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "कुठं असतो तो माणूस?"

"नोकरी सोडली त्यानं, सहा वर्षं झाली. नर्सीकडचा आहे म्हणतात."

"नर्सी काय लंडनला हाय का? जाऊन ये."

"काय बोलू जाऊन?"

"ते तिथं गेल्यावर समजन. इथं माझ्यापुढं बोलून त्याला काय ऐकू येनार हाय?"

जुन्या सहकाऱ्याकडून नंबर मिळाला. फोनवर तिनं नाव सांगितलं आणि भेटायला येऊ का विचारलं. "या," वैजनाथ म्हणाला. "पन हळद चालू हाय. घरी न्हाई सापडणार मी. शेतात यावं लागंल."

नर्सी नामदेवच्या पुढं दोन-अडीच किलोमीटरवर त्याचं शेत होतं. एकादशी होती, त्यामुळं देवळाच्या रस्त्याला गर्दी. शीतलनं स्कूटी हळूहळू काढली. शेताच्या वाटेला लागल्यावर हळदीचा वास आला, शिजलेल्या हळदीचा, ओला आणि उग्र. बांधाच्या कडेला हळद शिजवायचा कुकर उभा होता, मोठाल्या टाक्यांचा, त्यातून वाफ निघत होती. उघड्यावर ताडपत्र्या पसरून शिजलेली हळकुंडं वाळत घातली होती. एक म्हातारी हळकुंडांपासून गड्डे वेगळे करत बसली होती. ती वैजनाथची आई, सुमनबाई.

वैजनाथ पंचेचाळिशीचा असेल. डोक्याला रुमाल, हात कोपरापर्यंत पिवळे. त्यानं तिला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतः पोत्यावर बसला.

"तुमी खिडकीजवळ बसायच्या," तो म्हणाला.

"हो." शीतलनं लॅपटॉप उघडला. पाठ करून आणलेलं बोलणं सोडून तिनं सरळ तो जुना कोड त्याच्यापुढं धरला.

त्यानं हात रुमालाला पुसले आणि वाचलं. हळूहळू, ओठ हलवत. वाचून झाल्यावर परत वरून वाचलं.

"हे अजून हाय व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं, गेलं असंल."

"याच्याखाली हसलेल्यांत मी पण आहे."

"ठाव हाय. तिसरं नाव."

कुकरवरच्या माणसानं हाक मारली. वैजनाथ उठून गेला, त्यानं टाकीतलं एक हळकुंड काढून काडी खुपसून पाहिली, अजून थोडं राहू दे म्हणाला आणि परत आला. शीतलला तेवढ्यात पळून जावंसं वाटलं होतं.

"बाकीच्यांचं मला कधी वाईट वाटलं न्हाई," तो बसत म्हणाला. "ते हसणारच होते. तुमचं वाटलं. तुमचं बोलणं ऐकून मला समजलं होतं का तुमी आपल्याकडच्या हात. काहून हसल्या?"

तिनं वाटेत याचं उत्तर तयार केलं होतं, ते तिला आता खोटं वाटलं. "त्या दिवशी माझी पाळी नव्हती म्हणून," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात माझ्यावर हसले होते. तुमच्यावर हसू झालं तेव्हा मला बरं वाटलं. चुकलं माझं, वैजनाथदादा."

"खरं सांगितलं," तो म्हणाला. एवढंच. माफ केलं म्हणाला नाही आणि तिनं विचारलंही नाही.

मग तिनं जानेवारीतली गोष्ट सांगितली. फंक्शन कसं काढलं, शाळेत काय झालं. तो एकदम सावरून बसला.

"लेकरू बरं हाय ना?"

"बरं आहे. डॉक्टरला दाखवलं."

"काय म्हणली ती?"

"कानात कुणीतरी चापट मारतं म्हणाली."

वैजनाथच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "मग? मी काय उगी लिहिलं होतं? हाच शब्द हाय त्याला. दिवाळीला मी एक डबा घरी आणला होता. गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या कानाला लावला, आधी एकदम बारीक करून. पोरं काही सांगत न्हाईत. विचारलं तं म्हणतात, चांगलं हाय. मी त्यांच्या डोळ्याच्या पापण्या बघितल्या. चाळीसला सगळ्यांच्या हलायच्या. साठला चार-पाच जणांच्या. ऐंशीला एकाची बी न्हाई. असं काढलं ते ऐंशी."

शीतल हातातलं पाणी तसंच धरून ऐकत होती. ही गोष्ट कोणत्याही माहितीपुस्तकात सापडली नसती.

"अन् ते ऐंशी बी पुरत न्हाई," तो पुढं म्हणाला. "थंडीत सकाळी पहिल्यांदा यंत्र चालू केलं तर नव्वद लागतात. हे मला नंतर समजलं."

"मग बदललं का नाही? निदान लिहून तरी..."

"लिहायचंच सोडलं होतं मी," वैजनाथ म्हणाला. "तवापासून तीन वर्षं होतो तिथं. एक कमेंट लिहिली न्हाई. फक्त काम करायचो. नाव विचारलं तं व्हीके-फिक्स-थ्री, व्हीके-फिक्स-फोर."

त्या दोन फंक्शनांचीही नावं काढून टाकायच्या पुढच्या यादीत होती. शीतलनं ती शोधून त्याच्यापुढं ठेवली. त्यातलं एक खरंच कामाचं नव्हतं, जुन्या चिपसाठी होतं. दुसरं काढलं असतं तर उजव्या कानाचा सूर डाव्यात झिरपला असता. तिनं लिहून घेतलं. मग दोघं लॅपटॉपवर वाकून बसली. ऊन पडद्यावर येत होतं म्हणून वैजनाथनं एक रिकामं पोतं वर धरलं.

सुमनबाई बराच वेळ लांबून बघत होती. शेवटी म्हणाली, "काय करून राहिले रे तुमी?"

"नाव ठेवून राहिलो, माय."

"कोनाला?"

"यंत्राला."

"मग पाव्हणीला चहा दे आधी. नावं ठेवायला दिवस पडला हाय."

चहा घेता घेता त्यांचं थोडं वाजलंही. वैजनाथला जुनं नाव हवं होतं, त्यात कान हा शब्द होता. शीतलचं म्हणणं, मुख्य कर्नलवाले तसं नाव घेणार नाहीत. हाच ड्रायव्हर उद्या दुसरा कुणी गाणी ऐकायच्या यंत्रात वापरेल. वैजनाथनं विचार केला. "मग नावात यंत्राचं सांगा," तो म्हणाला, "अन् कमेंटमधी लेकराचं."

तसंच ठरलं. नाव आलं, 'हेडफोनचा दाब बसेपर्यंत थांब'. आकडा आला शंभर. शीतलनं कमेंट लिहायला घेतली आणि थांबली. "तुमचं इंग्रजी दुरुस्त करू का?" तिनं विचारलं.

"करा ना. व्याकरणाचा मला काय अभिमान हाय? पन 'स्लॅप' काढू नका."

तो तिला बांधापर्यंत सोडायला आला. कंपनी बोलावेल, घरून काम करता येईल, मी विचारते, असं ती म्हणाली. "नको," तो म्हणाला. "हळद बरी हाय. इथं कोनी माझी वाक्यं तपासत न्हाई." मग जरा वेळानं, "पन अडलं तं फोन करा. आवाजाचं काम मला आवडायचं."

घरी येऊन शीतलनं रुद्रला फोन केला. सगळं सांगितलं, स्वतःचं हसणंही.

"मॅडम, एक बोलू?" तो म्हणाला.

"बोल."

"मी पण कमेंट कमीच लिहितो. जास्त लिहिलं की तुम्ही जास्त खोडता. मागे मी बारा ओळी लिहिल्या होत्या, तुम्ही फक्त 'स्पष्ट नाही' लिहून परत पाठवल्या. मग मी त्या काढूनच टाकल्या. तुम्ही मंजूर केलंत."

वैजनाथवर हसल्यानंतर शीतलनं कधी कुणावर हसरा चेहरा टाकला नव्हता. ती फक्त नेमकं बोलायची. तिला वाटायचं, नेमकं बोलणं म्हणजे न्यायानं वागणं.

"कशाबद्दल होत्या त्या बारा ओळी?" तिनं विचारलं.

"आठवत नाही आता नीट."

"आठव. मी फोन धरून बसते."

त्याला आठवायला अर्धा तास लागला. ती वाट पाहत राहिली.

मार्चअखेर ड्रायव्हर मुख्य कर्नलच्या ई-मेल यादीवर गेला, जगभरचे लोक वाचतात तिथं. त्यात वैजनाथ कऱ्हाळे हे नाव पूर्ण लिहिलेलं होतं. शोध कुणी लावला ते सांगणाऱ्या ओळीत. आठवड्यानं तिथले आवाजाचे ड्रायव्हर सांभाळणाऱ्या एका बाईंचं उत्तर आलं. नावं चांगली आहेत, म्हणाल्या. एकच प्रश्न होता: शंभर मिलिसेकंदांचा आकडा कसा काढला, कोणत्या उपकरणानं मोजला?

शीतलनं तो वैजनाथला पाठवला. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, मोबाइलवर लिहिलेलं. उपकरण नव्हतं, लेकरांच्या पापण्या बघितल्या. नंतर थंडीतल्या सकाळी परत बघितल्या. वरचे दहा सुरक्षेसाठी. तिच्या हातानं सवयीनं एक वाक्य दुरुस्त करायला घेतलं होतं. ते तिनं तसंच सोडलं आणि त्याचं पत्र त्याच्याच नावानं यादीवर पाठवायला त्याला मदत केली. त्या बाईंनी उलट लिहिलं की इतकी चांगली चाचणी आपण बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. एप्रिलमध्ये ड्रायव्हर स्वीकारला गेला.

परीक्षा संपल्यावर ती शाळेत गेली. आधी स्वतःच्या कानाला लावलं, मग सपना मॅडमच्या. तेरा लेकरं झाली. सृष्टी खिडकीतून बघत राहिली, जवळ आली नाही. शीतलनं आग्रह केला नाही. पुढच्या वर्षी परत यायचंच होतं. त्या तेरांत एका मुलाला डाव्या कानानं फार कमी ऐकू येत होतं, आणि ते त्याच्या घरी कुणाला माहीत नव्हतं. तो वर्गात मागच्या बाकावर बसायचा. सपना मॅडमनी त्याच दिवशी त्याची जागा बदलली.

मे महिन्यात रुद्रनं दुसऱ्या एका ड्रायव्हरची फाइल पाठवली. एका फंक्शनवर त्यानं चौदा ओळींची कमेंट लिहिली होती. तीन ठिकाणी इंग्रजी चुकलेलं, एक वाक्य दोनदा आलेलं. शीतलनं ती सगळी वाचली, मग चहा करून आणला आणि परत वाचली. आठव्या ओळीत, एका लांब वाक्याच्या पोटात, चिप कधीकधी सूर अर्धवट का सोडते त्याचं कारण दडलेलं होतं.

तिनं लिहिलं, "आठव्या ओळीत जे सांगितलंस ते मला माहीत नव्हतं. ते सगळ्यात वर आण. बाकीचं आपण फोनवर बसून नीट करू."